चार बोटं पुढे

कास्त्रोच्या खाडीवर उजेड ताकासारखा पातळ,
स्टुडिओच्या एकुलत्या खिडकीतून तेवढाच आत आलेला.
फ्लॅश मी मागच्या हिवाळ्यात विकला,
छताच्या फळ्यांसाठी.
म्हणून भिंग पूर्ण उघडं,
इतकं उघडं की चेहऱ्यातला एकच थर स्पष्ट राहतो,
भाकरीच्या पापुद्र्याएवढा.
पापणी धरली की कान सुटतो,
नाक धरलं की माणूसच सुटतो.

एलेउतेरिओ नावेलकिन, वय एक्क्याऐंशी, नावा बांधणारा.
लेकीने आणून स्टुलावर बसवलं,
रुमालाने तोंड पुसलं, कॉलर सारखी केली,
बजावलं, हलू नका.
तो हलला नाही.
चर्चमधल्या सुरूच्या खांबासारखा बसला.

मी डाव्या बुबुळावर फोकस लावला
(त्यात माझी खिडकी होती, चार तावदानांची)
आणि म्हणाले, "तयार?"

तो पुढे झुकला.
"काय?"
खटक.

पहिल्या बारा फोटोंत मला मिळाला
एक अप्रतिम कान.
पाळीवरची चीर, आतला पांढरा केसन् केस.
आणि त्याच्यापुढे, जिथे माणूस असायला हवा,
तिथे धुकं.

मी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या.
तिपाईचे स्क्रू पिळले.
भिंग शर्टाच्या टोकाने पुसलं, जे कधीही करू नये.
हळू बोलून पाहिलं: तो जास्तच झुकला.
मोठ्याने बोलले: दचकला.
काहीच बोलले नाही,
तर समोर बसला पासपोर्टवरचा कुणीतरी,
धारदार आणि रिकामा.

चहाला थांबलो.
कप दोन्ही हातांत धरून तो बोलायला लागला, उगाच, लाकडाबद्दल.
वाफेवर मऊ केलेली फळी वाकवली
की सोडल्यावर थोडी परत जाते.
किती, ते फळीलाच ठाऊक.
"तेवढी आधीच जास्त वाकवायची," म्हणाला.
"तिच्याशी भांडायचं नाही."

मी कप खाली ठेवला.

फोकस त्याच्या डोळ्यावरून काढून घेतला,
चार बोटं अलीकडे आणला, हवेत,
जिथे काहीच नव्हतं,
फक्त तरंगणारी धूळ.
एका माणसाला मी मुद्दाम
इतकं अस्पष्ट कधी पाहिलं नव्हतं.
मग अगदी दबक्या आवाजात विचारलं,
"पहिल्या नावेचं नाव काय होतं?"

तो आला.
आधी नाक आलं, मग भुवई,
मग एकदम डोळा.

फोटोत आहे:
डाव्या पापणीवर भुशाचा एक कण,
लेकीच्या रुमालाला चुकवून राहिलेला.
बुबुळात चार तावदानं, चौथ्याला तडा
(तो मला तोवर ठाऊक नव्हता).
ओठ जेमतेम उघडलेले, नाव अजून आतच.
कान मात्र गढूळ.
तिथे माझा प्रश्न अजून पोचायचा होता.

रोसाल्बा, त्याची लेक, फोटो धरून बराच वेळ उभी.
"असेच येतात हे अंगावर," ती म्हणाली.
"आम्ही लहान होतो तेव्हापासून.
आम्हाला वाटायचं, चिडलेत.
आम्ही मागे सरकायचो."

साठ वर्षं नावांच्या सांध्यांत काथ्या ठोकलेला माणूस
दाराशी टोपी शोधत होता.
तिने हाक मारली. तो वळला, झुकला.
ती जागची हलली नाही.

पैसे बटाट्यांत ठरले, दोन पोती.
नावेचं नाव मी फोटोमागे पेन्सिलीने लिहून दिलं.
जाताना त्याने विचारलं, कान नीट आलेत ना?
मी मान डोलावली.
बारा आहेत माझ्याकडे, अजून, खणात.
टाकवत नाहीत.